रंगवलेला शिलालेख

तीन वर्षांनी त्या देवळात गेलो आणि दारातला शिलालेख बघून डोकंच फिरलं. झिजलेली अक्षरं कुणीतरी लाल ऑइलपेंटनं गिरवली होती. जिथे काहीच वाचता येत नव्हतं, तिथेही ठसठशीत अक्षरं काढली होती.

"सर, मागच्या वेळी तुम्ही पाणी मारून मारून वाचत होतात. म्हटलं, जरा सोपं करून ठेवू," गुरव कौतुकानं म्हणाले.

शतकानुशतकं ऊनपाऊस सोसलेला दगड रंगाच्या एका डब्यानं गप्प केला होता. चरफडत मी मूळ अक्षरं ताडून बघायला बॅगेतून या लेखावरचा माझा जुना शोधनिबंध काढला. राजाचं अर्धं नाव तेव्हाही झिजलेलंच होतं. ते मीच अंदाजानं पुरं केलं होतं. गुरवांचा रंग निदान खरवडून तरी निघेल. माझा अंदाज आता शाळेत मुलं पाठ करतात.