शिवराजच्या गाडीतलं ऊन

एप्रिलात निंबर्ग्याचं ऊन डोकं भाजून काढत होतं, आणि शिवराजच्या गाडीत समोर आकडा दिसत होता: बाहेर उणे चाळीस. किशनरावांनी जन्मभर तूर पिकवली, पण असली थंडी त्यांच्या बापजाद्यांनीही पाहिली नव्हती. एसीसुद्धा बंद. बाहेर बर्फ पडतोय अशी गाडीची पक्की समजूत, मग ती गारवा कशाला देईल!

पण किशनरावांना हसू येत नव्हतं. कॅनडाला जाताना त्यांचा पोरगा शिवराज ही गाडी मागे ठेवून गेला होता. परवा फोनवर म्हणाला, "अप्पा, गाडी काम काढायली असंल तर इकून टाका." गाडी गेली की पोराचं या घरात काहीच उरणार नाही, या धास्तीनं त्यांना जेवण गोड लागेना. हुमनाबादचा गॅरेजवाला बालाजी शिवराजचा दोस्त, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. म्हणून कलबुर्गीहून बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर आणून ते स्वतःच अंगणात पोतं अंथरून बंपरखाली शिरले.

जाळीमागे भुईमुगाच्या शेंगेएवढा सेन्सर चिरून लोंबत होता. मागचा तारेचा प्लग निसटलेला, आणि मानेला काळ्या दोऱ्यात ओवलेली लिंबू-मिरची.

"अगं, हे कुणी बांधलंय?"

"मीच की," शिवराजची आई कलाबाई म्हणाल्या. "दर शनवारी बांधते. बरी खुंटी हाय ती."

"खुंटी न्हाई, गाडीला ऊन-थंडी त्यानंच कळती! वढून वढून मोडलीस. दारातनं हलत न्हाई ती गाडी, नजर कुणाची लागायली तिला?"

"गाडीला कामून बांधू? पोराला बांधते. त्यो हितं असता तर त्याच्यावरनंच मीठ-मिरच्या उतरल्या असत्या."

किशनरावांचा राग जिथल्या तिथे विरला. त्यांनी मुकाट्यानं जुना सेन्सर काढून नवा बसवला, प्लग खटकन लावला.

आकडा मात्र हलेना. थोडं चालवल्याशिवाय खरं दाखवणार नाही, असं दुकानदार म्हणाला होता. मग नवराबायको दोघं आळंदच्या रस्त्याला निघाले. वाटेत आकडा बदलला: एक्केचाळीस. एसीची गार झुळूक आली तशी किशनरावांनी गाडी कडेला घेतली आणि फोन लावला. तिकडे कॅनडात नुकतं उजाडलं होतं.

"शिवराज, गाडी ठणठणीत हाय. इकायचं नाव काढू नगंस."

"बाहेर किती दावायलंय, अप्पा?"

"एक्केचाळीस."

शिवराज हसला. मग म्हणाला, "हितं अजून बरफ हाय. लई दिवसांत घाम आला न्हाई बगा."

पोराच्या वाटेत आडवं येऊ नये म्हणून इतक्या वर्षांत किशनराव एक गोष्ट कधीच बोलले नव्हते. 'आमी बरे हाव, तू काळजी करू नगंस' हेच आताही ओठांवर आलं होतं. कलाबाई टक लावून त्यांच्याकडे बघत होत्या.

"मंग ये की रं," किशनराव म्हणाले.

कलाबाईंनीही फोनला कान लावला, आणि दोन्हीकडून कुणीच फोन ठेवला नाही.