आतलं मत, बाहेरचं मत

अंधेरीच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते. शिक्षकांनी मला निवडून कॉलेजचा कारभार ठरवणाऱ्या समितीवर पाठवलं, त्याच वर्षी संध्याकाळचे वर्ग बंद करायचा विषय आला. मरोळ, साकीनाक्याला दिवसभर काम करून येणारी मुलं या वर्गांत शिकायची. प्रवेश कमी होत चालले होते, हे खरं होतं. तरी मी विरोध केला. माझ्या बाजूने कुणी बोललं नाही. ठराव मंजूर झाला.

पुढच्या आठवड्यात वर्गात एकाने विचारलं, "मॅडम, मीटिंगमध्ये तुम्ही पण होता ना? मग?"

"आत कोण काय बोललं ते सांगणार नाही," मी म्हटलं. "पण माझं मत विचारशील तर वर्ग चालू राहायला हवेत."

कुणीतरी मोबाइलवर ते रेकॉर्ड केलं आणि ते सगळ्या ग्रुपवर फिरलं.

प्राचार्यांनी बोलावलं. आम्ही दोघी एकाच सुमारास नोकरीला लागलेल्या, त्यामुळे एकट्या असलो की 'तू'वरच बोलतो.

"ठराव समितीचा आहे. आणि तू समितीत आहेस," ती म्हणाली.

"वर्गात मी शिक्षक आहे. मुलांनी विचारलं तर गप्प बसू?"

"गप्प बस कोण म्हणतंय गं? पण प्रत्येकाने बाहेर जाऊन हात झटकले, तर नको असलेले निर्णय घ्यायला आत कोण बसेल?"

मला राग आला, कारण तिचं अगदीच चुकीचं नव्हतं.

पुढच्या बैठकीत बराच वाद झाला. एका सदस्यांना माझा राजीनामा हवा होता. प्राचार्यांनीच ती मागणी उडवून लावली. शेवटी ठरलं, की आपलं मत कुणीही उघड सांगावं, दुसऱ्याचं सांगू नये, आणि ठरावाचं काम मात्र अंगावर घ्यावं. मुलांना दुसरीकडे प्रवेश मिळवून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

घाटकोपरच्या एका कॉलेजात संध्याकाळचे वर्ग होते, तिथे गेले. तिथल्या प्राध्यापकांनी विचारलं, "चांगले चाललेले वर्ग बंद कुणी केले?"

"आम्ही," मी म्हटलं. माझा विरोध होता, हे त्यांना चहा पिताना सांगितलं.

साकीनाक्याच्या मुलांना मेट्रो सोयीची होती, त्यांचे प्रवेश झाले. आरेच्या जंगलातल्या पाड्यावर राहणाऱ्या एका मुलीला मात्र ते जमणारं नव्हतं. रात्री घाटकोपरहून परतायचं आणि मग आरेतल्या रस्त्यावर बसची वाट बघत बसायचं, हे घरच्यांना मान्य नव्हतं.

"तुम्ही बोललात, बरं वाटलं मॅडम," ती म्हणाली. "पण वर्ग बंदच झाले ना."

मी तिला मुक्त विद्यापीठाबद्दल सांगितलं. तिने तिथे प्रवेश घेतला का, ते मला कळलं नाही.