पेवातला बुढा

दर्यापूरकडच्या एका गावात पुंजारामाच्या घराची गोष्ट अजून सांगतात. अंगणातल्या पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, एक बुढा बसतो. पेव उघडलं की पहिला दिवस त्याचा. त्या दिवशी कोणी आत उतरलं, तर त्याला तो ठेवून घेतो. पुंजारामाने त्याची थट्टा केली, म्हणून बुढ्याने त्याचा धाकटा भाऊ शेषराव ठेवून घेतला.

शेषराव खरा. तो १८६४ च्या हिवाळ्यात गेला. पुढची हकिकत त्या घरातल्या सासवांनी सुनांना सांगितलेली.

पुंजाराम तेव्हा पस्तिशीचा होता. वडील लवकर गेले. शेषरावाला पोहायला त्यानेच शिकवलं, त्याचं लग्नही त्यानेच लावलं. गावात भांडण झालं की लोक पुंजारामाला बोलावत, कारण तो उगाच चिडत नसे. अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेतल्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडात भाव चढला. पुंजारामाने ज्वारीच्या रानातही कापूस पेरला. घरात नवी ज्वारी आलीच नाही. जुनी होती ती अंगणाखालच्या पेवात. माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत विहिरीएवढा खड्डा, वर दगड आणि माती. कित्येक वर्षं ते उघडलं नव्हतं.

कापसाच्या गाड्या खामगावला निघायच्या होत्या आणि वाटेच्या भाकरीला घरात दाणा नव्हता. सकाळी दगड सरकवला. आई, पार्वताबाई, म्हणाली, "आजचा दिवस बुढ्याचा हाये. उद्या दिवा सोडू, मंग उतरा."

"माय, इतके वर्सं खाऊन राहिला तो. अजून पोट नाही भरलं काय त्याचं?" पुंजाराम म्हणाला.

गाडीवान वाहेद म्हणाला, "पुंजारामभाऊ, एक दिवस थांबलो तं बैलंबी दुवा देतीन."

"बैलायले इचारून कापूस पेरला नोता म्या."

शेषरावाने कमरेला दोर बांधला. "दादा, बुढा भेटला तं काय सांगू?"

"म्हन, इतक्या वर्साचं भाडं काढ."

सगळे हसले. शेषराव उतरला आणि दोर सोडून त्याने टोपली मागितली. टोपली सोडली. ती वर ओढायची खूण आलीच नाही.

पुंजाराम पेवाच्या तोंडाशी धावला. वाहेदने त्याला मागून मिठी घालून धरलं.

"सोड मले!"

"सोडतो. मंग तुमाले काढाले कोन उतरन?"

पार्वताबाईने दोरीला दिवा बांधून आत सोडला. अर्ध्यावर तो विझला. पुन्हा सोडला, पुन्हा विझला. माणसं घोंगड्यांनी वारा घालत राहिली. दिवा तळापर्यंत जळता राहिला तेव्हा दुपार उलटून गेली होती. शेषराव भिंतीला टेकून बसला होता. टोपली भरलेली होती.

बुढ्याने नेला, असं गाव म्हणालं. पुंजाराम मात्र विझणारा दिवा पाहत उभा होता. त्याच्या ध्यानात आलं की कोंडलेल्या दाण्याने आतली हवा मरते आणि ती निघून जायला दिवस लागतो. नुसतं थांबा म्हटलं तर कोणी थांबलं नसतं, म्हणून कुण्या पूर्वजाने तिथे बुढा बसवला असावा.

तेरावं झाल्यावर तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेला. शेषरावाची बायको माणिकबाई आत होती. रिवाजाप्रमाणे ती भासऱ्याशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नसे, म्हणून तो आईशी बोलला.

"माय, तिले सांग. बुढाबिढा काही नाही. आत खराब हवा होती. थांबाचं सोडून म्या त्याले उतरवलं."

माणिकबाई आतूनच सासूला म्हणाली, "आत्याबाई, त्यायले म्हना, बुढा हाये. बुढा नसन, तं मले माह्या मालकाले मारनाऱ्याच्या घरात जलम काढा लागन. माहेरी आता कोनी उरलं नाही."

पार्वताबाईने यातलं काही मुलाला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर कोणी विचारलं की बुढ्याची गोष्ट पुंजाराम स्वतःच सांगे. थट्टा कोणी केली, तेवढं मात्र तो कधी गाळत नसे.