वरचं बारीक अक्षर

आमच्या रस्त्यातल्या एकाच खड्ड्यावर मी वर्तमानपत्राला चार पत्रं लिहिली. पहिल्या पत्रात खड्ड्यात स्कूटरचं चाक अडकलं, चौथ्यात म्हैस बुडाली. म्हैस माझ्या मनातली. संपादकांनी तीही छापली. पत्र म्हणजे काय चीज असते, हे निदान मला तरी कळायला हवं होतं.

उमापूरला दिलेली माझी थोरली बहीण, आक्का, तिला काचबिंदू. माजलगावच्या डॉक्टरीणबाईंनी रोज दोन्ही डोळ्यांत थेंब सांगितलेले.

“मिरची घातल्यावानी झोंबतंय रे,” ती म्हणायची.

मी हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर. मोबाईलवर डोळ्यांच्या डॉक्टरांचं एक जर्नल शोधलं आणि आक्काच्या ओट्यावर खुर्ची टाकून मराठीत वाचून दाखवलं. एका रुग्णानं थेंब बंद केले, तरी डोळ्यातला दाब वाढला नाही. शेजारच्या बायाही जमल्या. मग काय, माझा आवाज चढला.

“छापून आलंय का?” आक्कानं विचारलं.

“डॉक्टरांच्या जर्नलात आलंय. लिहिणाऱ्याच्या पदव्याच दीड ओळ हायेत.”

“मग करू बंद?”

“कर.”

काचबिंदू दुखत नाही. सात-आठ महिन्यांनी आक्का डाव्या बाजूच्या चौकटीला धडकायला लागली, तेव्हा तिला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले, थेंब का सोडले ते ऐकलं, मग माझा मोबाईल मागितला.

“सर, हा अभ्यास नाही. अभ्यासात पुष्कळ रुग्ण तपासतात. आढावा असेल तर असे बरेच अभ्यास एकत्र तोलतात. वर काय लिहिलंय, वाचा बरं.”

मथळ्याच्या वर बारीक अक्षरात होतं: संपादकास पत्र.

“एका डॉक्टरनं एका माणसाबद्दल कळवलंय. शेवटी तोच म्हणतोय, यावरून कुणी औषध सोडू नये.”

शेवटपर्यंत मी गेलोच नव्हतो. ओट्यावरच्या माना त्याआधीच डोलल्या होत्या.

डाव्या डोळ्याची नजर गेली ती गेली. उजव्याची थेंबांवर टिकून आहे. खड्डा अजून आहे. मी त्यावर लिहीत नाही.

रविवारी आक्काला पेपर वाचून दाखवायला जातो, तिच्या उजव्या हाताला बसतो. मी घसा खाकरला की ती हात वर करते.

“थांब. बातमी हाय का पत्र, ते आदी सांग.”

मी सांगतो. मगच वाचतो.