चिहारूचा युकाता

सुप्रभा देवधर काय काम करते हे पुण्याच्या नातेवाइकांना कधी धड समजलं नाही. ती स्वतः सांगायची, "मी गोधड्या शिवते." सिनेमाच्या गोधड्या, बरं का!

जपानात कावासाकीला ओनुमा-सान नावाच्या गृहस्थांची दोन खोल्यांची कंपनी होती. अजस्र रोबोंच्या जुन्यापान्या, कुणी न विचारणाऱ्या कार्टून मालिकांचे हक्क ते स्वस्तात घेत, त्यांचे तुकडे करत आणि त्या तुकड्यांतून एक 'नवा' सिनेमा जोडून परदेशी धाडत. भारतात जाणाऱ्या सिनेमांचं जोडकाम सुप्रभाकडे असे. नवरा जगदीश संशोधन संस्थेत, आणि ही कमर्शियल आर्टची पदवी घेऊन फुनाबोरीच्या फ्लॅटमध्ये बसून कंटाळलेली, म्हणून तिने हा बाइतो धरला होता. म्हणजे तासांवर पगार मिळणारी नोकरी. आणि खरं सांगायचं तर तिला ते काम मनापासून आवडे. तीन मालिकांतले तीन रोबो एकाच निळ्या रंगात रंगवले की झाला एक नायक. एकाला शिंगं दोन आणि दुसऱ्याला तीन असली तर हिंदी संवादात एक वाक्य घुसडायचं, की हा चिडला की याला तिसरं शिंग फुटतं. पोरं बिचारी मानून घेतात. एखादा प्रसंग कमी पडला तर मघाचाच प्रसंग आरशात दिसतो तसा उलटा फिरवून पुन्हा वापरायचा. डावीकडून आलेला रोबो आता उजवीकडून येतो, आणि कुणाच्या बापाला पत्ता लागत नाही. या युक्तीवर सुप्रभाचा हात चांगलाच बसला होता.

अकरा सालच्या भूकंपानंतर तिच्या खालच्या मजल्यावर सुगावारा-सान राहायला आल्या. साठीच्या बाई, मियागीच्या किनाऱ्यावरच्या. त्सुनामीत घर गेलं होतं आणि एकुलती एक मुलगी, चिहारू, तीही गेली होती. हे त्यांनी सुप्रभाला एकदाच, चहा पिता पिता सांगितलं, आणि लगेच कचऱ्याच्या पिशव्यांकडे विषय वळवला. प्लॅस्टिक कुठल्या वारी, बाटल्या कुठल्या वारी, हे सुप्रभा त्यांच्याकडूनच शिकली. आपलं लोणचं त्या द्यायच्या, हिचे पोहे, उपमा न्यायच्या. दोघींचं चांगलं जमलं. चिहारूबद्दल पुढे कधी एखाद-दुसरं वाक्य निघे, तेवढंच. लहानपणी उन्हाळ्याच्या जत्रेला ती निळ्या फुलांचा युकाता घालायची, हे असंच एकदा निघालं. युकाता म्हणजे उन्हाळ्यातला सुती किमोनो.

पुढच्या वर्षी सुप्रभाच्या हाती एक मालिका आली, तिच्यात जत्रेचा एक भाग होता. कंदील, ढोल, आणि युकाता घातलेली एक छोटी मुलगी. सुप्रभाला भरून आलं. तिने त्या मुलीच्या युकात्यावर एकेक चित्र रंगवत निळी फुलं उमलवली आणि सिनेमात तिचं नाव ठेवलं चिहारू. भारतात जाणाऱ्या हिंदी सिनेमात जपानी नाव, ओनुमा-सानना काय त्याचं? शेवटी रोबो शहर वाचवतो आणि चिहारू कंदिलांखालून हात हलवत दूर जाते, असा समारोप तिने जोडला. जाण्याचा तो प्रसंग मालिकेत नव्हता. येण्याचा होता, मुलगी हात हलवत समोरून जवळ येते असा. तो तिने उलट्या क्रमाने लावला, म्हणजे ती आपल्याकडे तोंड करून पाठीपाठी दूर सरकते, आधी दिसलेलाच तुकडा आहे हे कळू नये म्हणून वर आरशासारखा फिरवला, आणि काम झालं. सुगावारा-सानना आधी विचारावं हे तिच्या डोक्यातही आलं नाही. तिला त्यांना चकित करायचं होतं. हौस मेली!

एका रविवारी दुपारी तिने त्यांना बोलावलं आणि सिनेमा लावला. हिंदी त्यांना कळत नव्हतं, पण 'चिहारू' हे नाव ऐकू आल्याबरोबर त्यांनी हातातला कप खाली ठेवला. शेवटचा प्रसंग सुरू झाला तशा त्या गुडघ्यांवर ताठ बसल्या. संपल्यावर टीव्हीकडे बघत वाकल्या, सुप्रभाने दिलेली डीव्हीडी दोन्ही हातांत घेतली, आभार मानले आणि चहा तसाच टाकून निघून गेल्या. सुप्रभाला वाटलं, बाई हेलावल्या. त्या दिवशी ती स्वतःवर भारी खूश होती.

ती खुशी टिकली ती पुढच्या आठवड्यापर्यंत. ओनुमा-सान तिच्या मागून जाता जाता पडद्याकडे बघून थबकले आणि हसले. म्हणाले, हे आपल्याकडे दाखवता आलं नसतं हं, भारतात चालेल. काय चालेल, असं तिने विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या कोटाच्या दोन्ही कडा धरून दाखवलं. जिवंत माणूस किमोनोची डावी बाजू उजवीच्या वर घेतो. उजवी डावीच्या वर येते ती फक्त प्रेताला नेसवताना. प्रसंग उलटा फिरवला की पोरीचा युकाता प्रेतासारखा होतो.

सुप्रभाने तो प्रसंग पुन्हा लावून पाहिला. आपल्याकडे पदर डाव्या खांद्यावर घेतात, गुजराती बायका उजव्या, दोन्हीला कुणी काही म्हणत नाही. तिच्या नजरेला ते खटकणार तरी कसं? पण ज्या बाईची पोर समुद्रात गेली तिला घरी बोलावून, चहा देऊन, आपण तिची पोर प्रेताच्या कपड्यांत नाचवली. आणि वर कौतुकाची वाट बघत बसलो!

त्यानंतर ती लिफ्ट सोडून जिन्याने जाऊ लागली. खाली सुगावारा-सानचा आवाज आला की दारातच थांबे. त्याही वर यायच्या बंद झाल्या होत्या, लोणचं नाही की हाक नाही. सुप्रभाने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. तिला जेवण जाईना. जगदीशने दोन-तीनदा खोदून विचारल्यावर तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, चूक झाली तर झाली, जाऊन माफी माग आणि मोकळी हो. तिला ते पटलं. तिने तो प्रसंग सरळ करून नवी डीव्हीडी बनवली, पर्समध्ये टाकली आणि धीर करून खाली गेली.

सुगावारा-साननी दार उघडलं आणि तिला आत बसवलं. कोपऱ्यातल्या छोट्या देव्हाऱ्यात एका तिशीतल्या बाईचा हसरा फोटो होता, आणि फोटोपुढे तीच डीव्हीडी ठेवलेली. सुप्रभाने माफीची वाक्यं जपानीत पाठ केली होती. ती तोंड उघडणार तेवढ्यात सुगावारा-सानच बोलू लागल्या. इतके दिवस वर यायला तोंड होत नव्हतं, म्हणाल्या, आभार कसे मानावेत तेच कळेना. चिहारू सापडलीच नाही. आईला, सासूला, नवऱ्याला त्यांनी शेवटचं स्वतःच्या हाताने नेसवलं होतं. पोटच्या पोरीला मात्र नेसवायला मिळालं नाही. लोक म्हणाले कागदोपत्री मृत्यू नोंदवा, त्यांनी नोंदवला, पण मनातून ती कुठेतरी ओल्या कपड्यांत कुडकुडत उभी आहे असंच त्यांना वाटत राहिलं. सिनेमात ती रीतसर नेसून, हात हलवून गेली. त्या दिवशी घरी येऊन त्या पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या.

मग त्यांनी सुप्रभाकडे नीट पाहिलं.

"तुम्हाला आमची रीत माहीत होती ना, सुप्रभा-सान? म्हणूनच तसं केलंत ना?"

सुप्रभाने पर्स छातीशी धरली होती. नाही म्हणावं, तर पोर पुन्हा त्या थंड पाण्यात जाऊन उभी राहणार. हो म्हणावं, तर ते सरळसरळ खोटं.

"हो," ती म्हणाली.

सुगावारा-साननी चटईला कपाळ टेकलं. सुप्रभाही वाकली आणि त्या उठेपर्यंत वर बघायचं तिचं धाडस झालं नाही.

आता दर उन्हाळ्यात खालून पीचची पेटी येते, आभाराची. पीच उत्तम असतात, जगदीशला फार आवडतात. सुप्रभा सोलून, फोडी करून त्याच्यापुढे ठेवते. तू घे की, असं तो दर वेळी म्हणतो, आणि ती आत जाऊन सुरी धूत बसते.