एकशे सतरा फोटोंची कॉलर

मावशीचा डीव्हीडी प्लेअर माझ्या हातून गेला, हे आधीच कबूल करून टाकतो. घरी बायको गेम खेळू देत नाही, म्हणून चाळिशी ओलांडलेला मी माझा गेम कन्सोल पिशवीत घालून मावशीच्या मोठ्या टीव्हीवर फुटबॉल खेळायला गेलो होतो. तो जोडताना टीव्हीमागची एक वायर ओढली. तिच्या दुसऱ्या टोकाला प्लेअर होता. तो फळीवरून खाली आला आणि पुन्हा उठला नाही. दुरुस्तीवाल्याने आत डोकावून पाहिलं आणि आजाऱ्याच्या खोलीतून बाहेर आलेल्या डॉक्टरासारखी मान हलवली. नवा घ्यावा तर आमच्या बाजारात असा प्लेअर आता कुणी ठेवतच नाही.

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, शनिवारी कॉलर आहे.

सव्वीस वर्षं मावशी पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग चालवते. सहा मशिनी, एक लांब टेबल, आणि भिंतीवर तिच्याच अक्षरातली पाटी, ‘उसवायला लाजू नये’. त्या शनिवारनंतरच्या सोमवारी तिच्या सातजणींची शर्टांच्या कारखान्यात परीक्षा होती. कॉलर शिवून दाखवायची, जमली तर नोकरी. पण ती कॉलर मावशीला आता स्वतः करून दाखवता येत नव्हती. दोन वर्षांपासून तिचे हात थरथरतात. ती म्हणते, चष्म्याचा नंबर वाढलाय, आणि आम्ही घरचे सगळे इमानाने त्या नंबरालाच बोल लावतो. हात स्थिर होते तेव्हा एका विद्यार्थिनीने तिच्या कामाची फिल्म काढून डिस्क करून दिली होती. चाळीस मिनिटं नुसते मावशीचे हात. हल्ली कॉलर शिकवायची ती त्या हातांनीच.

मी छाती पुढे काढून सांगितलं, काळजी नको, हा कन्सोल सगळं करतो. विकत घेताना बायकोच्या गळीही मी हेच उतरवलं होतं, की हा नुसता खेळ नव्हे, घरचं थिएटर आहे.

डिस्क आत घातली. वात्रट पोराने जीभ काढावी तशी त्याने ती बाहेर काढली. गेमच्या डिस्कशिवाय त्याला बाकी सगळं वर्ज्य. कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्याच्या कॉम्प्युटरवर डिस्क चालत होती, तेव्हा त्याच्याकडून फिल्म पेन ड्राइव्हवर घेऊन आलो. टीव्ही जुना, त्याला पेन ड्राइव्हचं भोकच नाही. कन्सोलला दोन भोकं, पण उत्तर एकच. ही फाइल चालत नाही. तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी फिल्म करून आणली, तीनदा तेच. पाताळातली युद्धं पानाफुलांसकट दाखवणारं यंत्र, आणि एक कॉलर दाखवायला नन्नाचा पाढा! फोनवर दाखवावं तर कॉलरचं टोक टाचणीच्या डोक्याएवढं. कन्सोलच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, त्याला काय काय येत नाही, ते मी मावशीला तासभर समजावून सांगितलं.

ती कुणाची तरी बाही उसवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “न येणारं ऐकलं. येतं काय त्याला?”

“गाणी. आणि फोटो.”

“मग फोटो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टुडिओत स्टुलावर जाऊन बसली. फिल्म सुरू झाली की ती ‘थांब’ म्हणायची, आणि स्टुडिओवाला तिथलं चित्र काढून ठेवायचा. असं एकशे सतरा वेळा. तो म्हणाला, मावशी, नवरीसुद्धा इतके फोटो काढून घेत नाही. मावशी म्हणाली, नवरीची परीक्षा नंतर असते.

फोटो कन्सोलने निमूट घेतले, पण एकानंतर दहा, मग शंभर, आणि दोन कुठल्या कुठे. कापड कापायच्या आधीच कॉलरला इस्त्री झाली. यंत्र आकडे अक्षरांसारखे लावत होतं. मग मी एकाला शून्य शून्य एक, दोनाला शून्य शून्य दोन, अशी शून्यं चिकटवत बसलो. शाळेत मिळालेली सगळी त्या दुपारी कारणी लागली.

शनिवारी मावशी खुर्चीत बसली. माझ्या फुटबॉलचा रिमोट मांडीवर टेकवून दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. नुसतं एक बटण दाबायचं; थरथर कुठे दिसेना. पडद्यावर हातभर लांबीचं टोक. ते उलटवताना कात्री खुपसायची नाही, आत ठेवलेला दोरा हळूच ओढायचा, ही मावशीची खास युक्ती. फिल्ममध्ये ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत निघून जायची. आता दोऱ्याचा फोटो शेवटच्या बाईच्या हातातलं टोक सरळ होईपर्यंत हलला नाही. कुणी चुकली की मावशी चार फोटो मागे जायची आणि उसवायला लावायची.

सोमवारी सातजणी गेल्या. सातही घेतल्या. कारखान्याच्या मुकादमबाईंनी एक कॉलर उजेडात धरून विचारलं म्हणे, की हे टोक कुणी शिकवलं, आणि सातजणींनी एका दमात मावशीचं नाव घेतलं.

बातमी ऐकून मावशी उठली आणि उगाचच सहाही मशिनी पुसून आली. मीही जरा फुगलो होतो. म्हटलं, “बघ मावशी, शेवटी माझाच कन्सोल कामाला आला की नाही?”

“आला ना, म्हणून तो आता इथेच राहणार.”