उजव्या गालाचा नमुना

माझ्या मामांच्या नाकाखालून न गेलेली तंबाखू निपाणीत अजून पिकायची आहे, असं माझ्या आईचं ठाम मत आहे. मामा वखारीत माल पारखायचे. पोत्याच्या तोंडाशी मांडलेल्या मालाकडे ते बघतही नसत. कोपरापर्यंत हात खुपसून तळाची मूठ काढायची, हुंगायची, चिमूटभर डाव्या गालात ठेवून डोळे मिटायचे, मग निकाल. वर चांगला माल आणि खाली चुरा भरून आणणाऱ्याला ते हात जोडून म्हणत, "पावनं, नुसतं तोंड बघून सोयरीक करत न्हाय मी." घरीही तेच. भाजीवालीच्या बुट्टीत त्यांचा हात तळापर्यंत जाई. आईच्या लग्नात पातेल्याच्या बुडाशी पळी घालून, भात करपल्याचं त्यांनी भर मांडवात सिद्ध केलं होतं. मी दहावी झाले तेव्हा गुणपत्रिका बाजूला सारून त्यांनी वह्यांचा गठ्ठा मागितला, सगळ्यात खालची वही उघडली आणि म्हणाले, "व्हय, शिकलीस."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बेळगावात दातांच्या डॉक्टरकीचं शिकते. गेल्या वर्षी आम्ही निपाणीत तोंडाच्या तपासणीचं शिबिर घेतलं. गालात पुसून न जाणारा पांढरा चट्टा असेल तर ताठ ब्रशनं तिथल्या पेशी खरवडून काचपट्टीवर घ्यायच्या. त्या बिघडलेल्या दिसल्या तर पुढे तुकडा काढून तपासायचा. म्हणजे कॅन्सर वेळेत हाती लागतो. मामांना तिखट सोसेना झालं होतं, म्हणून आईनं त्यांना ओढूनच आणलं.

"मला नमुना घ्यायला शिकवतीस व्हय गं?" म्हणत ते बसले. तोंड दोन बोटं उघडलं. डाव्या गालावर तळहात दाबून म्हणाले, "हिकडं दाढ ठणकतीय, हात लावू नगंस. खुपतंय ते उजवीकडं." 'मामा, हात काढा' एवढंच म्हणायचं होतं मला. पण ज्यांच्या खांद्यावर बसून जत्रा बघितली, त्यांना ते म्हणायला जीभ रेटेना. तिथे चट्टा दिसत नव्हता, तरी मी उजव्या गालाचा नमुना घेतला. तो निर्दोष आला. आईनं शिरा केला.

चार दिवसांनी सकाळीच मामा आमच्या कॉलेजच्या फाटकाशी उभे.

"पोरी, वरचा माल दाखवला मी तुला. खालचा डाव्या बाजूला हाय."

"असं का केलंत, मामा?"

"भ्यालो गं. पण शिरा घशाखाली उतरंना."

खुर्चीत बसून त्यांनी स्वतःच गाल ताणून धरला. आत पांढरा चट्टा होता. आमच्या मॅडम शेजारी उभ्या राहिल्या आणि मी ब्रश टेकवला. मामा तसेच वाकड्या तोंडानं म्हणाले, "वरवर फिरवू नगंस. तळाला जाऊ दे." रक्ताचे बारीक ठिपके दिसले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "पुरे."

पेशी बिघडलेल्या निघाल्या. तुकडा तपासला, कॅन्सर झाला नव्हता, होण्याच्या वाटेवर होता. चट्टा काढला. तंबाखू सुटली आणि तिच्याबरोबर वखारही. मालक बोलवायला आले होते. "गालात न धरता निकाल द्यायचा म्हंजे अंदाज," मामा म्हणाले, "आनि अंदाजाचा पगार मी घेत न्हाय."

आता दर तीन महिन्यांनी ते बेळगावला येतात आणि न सांगता आधी डावा गाल दाखवतात. त्यांच्या सदऱ्याचा तो उग्र, कडसर वास मात्र गेला. मामा आल्याचं मला लहानपणी त्या वासानंच कळायचं. परवा निपाणीत वखारीवरून जाताना ते थांबले, डोळे मिटून त्यांनी खोल श्वास घेतला.

"कसा हाय माल?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. "लांबनं काय कळतंय," म्हणाले, आणि माझ्या पुढे चालू लागले.